पिवळी वाक्यं

२ मार्च, सोमवार

जोडी लावली आजपासून! विचारणं नाही, सांगणं नाही. सकाळी मशीन चालू केलं तर पडद्यावर ओळ — आपले काम यापुढे एका जोडीदाराच्या कामाशी ताडून पाहिले जाईल. जोडीदार कोण हे विचारू नये, सांगू नये. कामातील शब्दांविषयी बाहेर बोलू नये.

का बरं विचारू नये? सरळ कामात लपवण्यासारखं काय असतं?

नीट लिहूनच ठेवते. उद्या कुणी म्हणालं की सगळं हिच्या डोक्यातलं आहे, तर निदान मला तरी वाचता येईल. आमचं काम म्हणजे इंग्रजी वाक्यं. रोजच्या वापरातली, पोरांच्या पहिल्या पुस्तकात असतात तसली. पडद्यावर वाक्य येतं. एकेका शब्दावर टिचकी मारायची आणि सांगायचं — हे नाम, हे क्रियापद, हे विशेषण. यावरून म्हणे मशीनला भाषा शिकवणार आहेत. शिकवोत बापडे. उभा जन्म मी पोरांना हेच शिकवलं, शेवटी पोरं मोबाइलवर शिकायला लागली आणि माझ्या क्लासला कुलूप लागलं. मशीन निदान उठून जात नाही.

जानेवारीपासून दोन महिने सुखाने चाललं होतं. आता तेच वाक्य आणखी कुणीतरी लावणार. दोघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर संध्याकाळी ते वाक्य पिवळं होऊन परत येणार — माझं उत्तर डावीकडे, जोडीचं उजवीकडे. आणि महिनाअखेर ज्यांची जुळणी कमी, त्यांना रामराम!

म्हणजे माझी नोकरी आता कुणाच्या तरी अकलेवर. कुणाच्या, तेही कळू द्यायचं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

३ मार्च, मंगळवार

आली पिवळी वाक्यं. आणि काय एकेक नमुना!

विहीर कोरडी आहे असं साधं वाक्य. त्यातलं 'वेल' म्हणजे विहीर, म्हणजे नाम. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जोडीने लावलंय क्रियाविशेषण! 'ती छान गाते' यातलं 'वेल' आणि हे 'वेल' एकच वाटलं असावं त्या शहाण्याला. आणखी एक — झाडांना पाणी घाल. तिथे 'वॉटर' क्रियापद होतं. जोडीचं म्हणणं, नाम. अरे, वाक्य तरी वाच ना पूर्ण!

पिवळ्या वाक्याच्या कोपऱ्यात जोडीने ते केव्हा लावलं ती वेळ बारीक अक्षरांत असते. तारीख नाही, फक्त वेळ. पाहिलं तर सगळ्या चुका जेवणाच्या सुट्टीनंतरच्या. डबा खाऊन पेंगतंय कुणीतरी. पेंगो बिचारं. पण माझ्या जिवावर कशाला?

५ मार्च, गुरुवार

आमच्या खोलीत लांबलचक टेबलं आहेत, मधे खाकी पुठ्ठ्याचे आडोसे. मान वर केली की फक्त डोकी दिसतात. त्यातली कुठली डोकी जेवणानंतर खाली जातात, हे आज पाहत बसले. पाण्याच्या यंत्राशेजारी बसतो तो बातमीदार (खोलीतली प्रत्येक बातमी आधी याला कळते, म्हणून नाव मीच ठेवलंय) ताठ बसून होता. कोपऱ्यातल्या दोघी कुजबुजत होत्या, पण जाग्या होत्या.

एकच डोकं खाली गेलं. आमच्या बेबीचं.

बेबी म्हणजे माझी नणंद. पस्तिशी उलटली तरी घरात बेबीच. सासू-सासरे पाठोपाठ गेले तेव्हा नववीत होती, तेव्हापासून माझ्याच हाताखाली वाढली. इंग्रजीत काठावर पास होणारी पोर! ओट्याशी उभं करून एका हाताने कणीक मळत नाम-सर्वनाम शिकवलंय मी तिला. ती इथे आधी लागली, आणि माझा क्लास बंद पडल्यावर माझ्यासाठी शब्दही तिनेच टाकला.

डोकं वर करून बघितलंन, मी दिसले, हसली. डोळे तांबारलेले.

नाही, नाही. बेबी कशी असेल? उगाच आपलं.

६ मार्च, शुक्रवार

जेवताना सहज विचारलं, "काय गं, तुझी जोडी कशी आहे?"

बेबीचा घास हातात राहिला. "वहिनी, ते बोलायचं नाही ना."

"अगं, नाव कुठे विचारतेय? बरी की वाईट, एवढंच सांग."

ताटात बघत म्हणाली, "ओळखीची वाटते." आणि जीभ चावली! मी पाहिलं. चक्क जीभ चावली, आणि उठून पाणी आणायला गेली. पाणी टेबलावरच होतं.

७ मार्च, शनिवार

ओळखीची. ओळखीची म्हणजे कोण? त्या खोलीत तिच्या ओळखीची माझ्याइतकी कोण आहे?

९ मार्च, सोमवार

आता शंका उरली नाही.

'स्कूल बॅग', 'किचन टेबल' असे जोडशब्द येतात. यातल्या 'स्कूल'ला अख्खी खोली नाम लावते. बातमीदारानेच मागे सांगितलं होतं, कुणी वेगळं लावतच नाही म्हणून. मी मात्र विशेषण लावते. कुठली बॅग? शाळेची. कुठलं टेबल? स्वयंपाकघरातलं. 'कुठलं'चं उत्तर देतं ते विशेषण — आयुष्यभर मी असंच शिकवत आले. चूक असो की बरोबर, तो माझा शिक्का आहे.

आज असली बरीच वाक्यं होती. मी ठरल्याप्रमाणे विशेषण लावलं आणि संध्याकाळची वाट बघत बसले. पिवळं झालं नाही! एकही नाही! म्हणजे जोडीनेही विशेषणच लावलं. माझ्या हाताखाली शिकलेलं असं या खोलीत कोण आहे? एकच जण. जी ओट्याशी उभी राहून 'कुठलं टेबल, वहिनी' म्हणून विचारायची.

घरी येताना बस थांब्यावर बेबी शेजारी उभी होती. माझ्या हातातली पिशवी घेतलीन, नेहमीसारखी. मी एक शब्द बोलले नाही. "डोकं दुखतंय का गं?" म्हणाली. डोकं! हो, दुखतंय.

१० मार्च, मंगळवार

ह्यांना सांगितलं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतात, पण घरात काय चाललंय ते दिसत नाही.

म्हणाले, "बेबी? अगं ती मुंगीवर पाय पडला तरी सॉरी म्हणते."

मी म्हटलं, मग ही पिवळी वाक्यं कुठून येतात?

म्हणाले, "तुझ्यासारखी पेंगत असेल जेवल्यावर. रविवारी पेपर वाचता वाचता घोरतेस, तेव्हा कोण असतं?"

बहीण ना शेवटी! बहिणीचं नाव निघालं की बायको घोरायला लागते. मी आयुष्यात कधी दुपारी डोळा लावला नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज सापळा लावला. 'स्लो ट्रेन' आली होती, हळू चालणारी गाडी. 'स्लो'ला मी मुद्दाम क्रियापद ठोकून दिलं. बघू तरी, पलीकडे जागं आहे का कुणी?

संध्याकाळी पिवळं! माझ्या क्रियापदासमोर जोडीचं ठसठशीत विशेषण. बरोबर उत्तर!

म्हणजे येतं. येतं बाईसाहेबांना! मग विहीर का नाही आली? पाणी का नाही आलं? झोपेतली चूक एक असते, दोन असतात. ज्याला येतं तो इतक्या ठिकाणी चुकतो, तो चुकत नाही — चुकवतो. मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून नीट लावायचं, आणि तिने बरोबर तिथेच पाचर मारायची.

पण यात तिचाही तोटा. जुळणी दोघींची पडते. मग का करेल? इथेच अडतेय.

१३ मार्च, शुक्रवार

काही वाक्यांत निकाल माझ्याविरुद्ध लागला आहे. काचेच्या खोलीत बसतात त्या बाई (आम्ही त्यांना काचेतल्या बाईच म्हणतो) अडलेल्या वाक्यांचा निवाडा करतात. चारदोन ठिकाणी जोडी बरोबर आणि मी चूक म्हणे! त्यांचंही लक्ष हल्ली कुठे असतं कोण जाणे.

वाक्यंसुद्धा सगळी सारखीच. मांजर दाराशी बसलं. मुलगी घरी गेली. कालचं आज आणि आजचं उद्या बघितल्यासारखं वाटतं. डोळे शिणतात.

१५ मार्च, रविवार

कळलं का ते!

दुपारी बेबी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, फोन खांद्यात धरून. मैत्रीण असावी. मी आत चादरीची घडी घालत होते. मुद्दाम ऐकलं नाही, कानावर पडलं. हसत हसत म्हणाली, "काय सांगू तुला, घरीही वहिनी आणि ऑफिसातही वहिनी!"

घरीही वहिनी आणि ऑफिसातही वहिनी.

हे आहे तर पोटात. मी नको आहे तिथे. कुणाशी बोलते, किती वेळ चहाला उभी राहते, सगळं वहिनीला दिसतं ना! मग काय करायचं? स्वतःचं नाक कापायचं आणि दुसऱ्याला अपशकुन करायचा. दोघींची जुळणी पडू दे, पण ही म्हातारी निघू दे. तिला काय, तरणी आहे, दुसरीकडे चिकटेल. मला या वयात कोण उभं करतंय दारात?

आणि शब्द टाकला होता म्हणे माझ्यासाठी! दाखवायचे दात वेगळे. बाईसाहेब गॅलरीतून आत आल्या, माझ्या हातातली चादर बघून म्हणाल्या, "दे, दुसरं टोक मी धरते." धरलंन. दोघींनी मिळून घडी घातली.

१६ मार्च, सोमवार

पिवळी, पिवळी, पिवळी. जुळणीचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात ज्याचा त्यालाच दिसतो, माझा रोज खाली खाली चाललाय. बातमीदार म्हणाला, "ताई, जपा हं. खालचे दोन जाणार असं ऐकतोय."

१७ मार्च, मंगळवार

पुरावा हवा होता. नुसतं माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?

जेवताना मऊ आवाज काढला. "बेबी, आज काही अडलं का गं तुला? चेहरा उतरलाय."

बिचारी (बिचारी कसली!) खूश झाली. आठवडाभर मी तोंड फिरवून आहे, त्यात मी होऊन बोलले. म्हणाली, "अगं वहिनी, त्या 'डाउन'ने पिसं काढली. कधी क्रियाविशेषण, कधी शब्दयोगी, आणि आज तर चक्क विशेषण होतं. तुझी आठवण आली. लहानपणी तू म्हणायचीस ना, शब्दाला एकटं गाठून विचारू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट विचारावं."

ह्यांनी हसून मान हलवली. मीही हसले.

माझ्याही आजच्या वाक्यांत 'डाउन' होतं. तिच्याही. आणखी काय हवं? शिवाय कामातल्या शब्दांविषयी बाहेर बोलू नये, हा नियम. बोलली की नाही?

१८ मार्च, बुधवार

गेले काचेतल्या बाईंकडे. सगळं सांगितलं. विहीर, पाणी, 'स्कूल बॅग', दुपारच्या वेळा, फोनवरचं बोलणं. माझी जोडी म्हणजे माझीच नणंद, आणि ती मुद्दाम चुकते.

बाई ऐकत होत्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "ती तुमची जोडी नाही, असं मी सांगितलं तर?"

मी म्हटलं, "तसं तुम्हाला सांगावंच लागणार. नियम आहे तुमचा."

"तुमची जोडी बदलून काही उपयोग व्हायचा नाही, बाई. थोडं थांबा. महिना संपू द्या."

महिना संपू द्या! म्हणजे मी घरी बसल्यावर? माझा पारा चढला. म्हटलं, "आणि ती घरी कामाबद्दल बोलते, त्याचं काय? कालच जेवताना 'डाउन'विषयी बोलली. माझे यजमानही होते समोर."

बाईंचा चेहरा बदलला. "कामातल्या शब्दाबद्दल बोलल्या? नक्की?"

"नक्की."

"तुम्ही विचारलंत म्हणून की आपणहून?"

यावर काय बोलणार? म्हटलं, "आपणहून."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मला फक्त जोडी बदलून हवी आहे. बाकी काही नको. तसं मी स्पष्ट सांगितलं आहे.

२० मार्च, शुक्रवार

बेबीला काढलं.

जेवणाच्या सुट्टीआधी काचेच्या खोलीत बोलावलं. बाहेर आली ती थेट तिच्या जागेवर गेली, आडोशावर टाचलेला फोटो काढला — आम्हा तिघांचा, दुकानाच्या उद्घाटनाचा. डबा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. बातमीदार माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बोलण्याचा नियम मोडला म्हणे. त्याला दुसरी शिक्षाच नाही इथे."

मला माहीत नव्हतं! जोडी बदला एवढंच म्हटलं होतं मी. काढा कोण म्हणालं?

पण चूक तिचीच ना. नियम सर्वांना सारखा. मी बोलते का कामाबद्दल?

२१ मार्च, शनिवार

ह्यांच्या समोरच विचारलं तिला. एकदा काय ते होऊन जाऊ दे. म्हटलं, "माझी जोडी तू होतीस की नाही?"

टेबल पुसत राहिली.

"होय की नाही, एवढंच बोल."

"मला नाही सांगता येत वहिनी."

"का? तोंड शिवलंय?"

"सही केली आहे मी. सांगणार नाही म्हणून."

"आता तर काढलं तुला. आता कसली सही?"

"काढलं म्हणून सही पुसते का?"

ऐका! चोराच्या उलट्या बोंबा. हे मधे पडले, म्हणाले, "बेबी, सांगून टाक ना बाळा, एवढं काय त्यात." तर डोळ्यांत पाणी आणलंन आणि खोलीत निघून गेली. ज्याचं मन साफ असतं तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. एका शब्दाचं काम. ते तिला म्हणता आलं नाही. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

हे माझ्याशी बोलत नाहीत. न का बोलेनात.

२२ मार्च, रविवार

बेबी गेली. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात, मैत्रिणीच्या खोलीवर. हे बॅग घेऊन सोडायला गेले.

दारात वाकून पाया पडली माझ्या. म्हणाली, "तब्येतीला जपा वहिनी. रागावू नका."

जपा. रागावू नका. नववीतली पोर माझ्या घरात आली, तेव्हापासून मला 'तू' म्हणते. आज 'तुम्ही' केलंन. परक्या बाईला म्हणावं तसं. मी "बरं" म्हणाले. दार लावून घेतलं.

२३ मार्च, सोमवार

बस थांब्यावर पिशवी स्वतःच धरली.

२४ मार्च, मंगळवार

हे काय आता?

बेबी नाही, तरी पिवळी वाक्यं येतातच! तशीच. जेवणानंतरच्या वेळेची. आजही कुणीतरी 'फास्ट'चा विचका केला आहे — 'जोरात पळ' यातल्या 'फास्ट'ला विशेषण!

तिचीच जुनी असतील. साठून राहिलेली. असंच असणार. बातमीदाराला विचारलं, तर म्हणाला, "ताई, जोडी बदलली असेल तुमची. नवी जोडीही तसलीच निघाली बघा!" आणि ख्या ख्या हसला. त्याचंही मला काही खरं दिसत नाही. तो इतकी माझी विचारपूस का करतो? त्याची जुळणी म्हणे उत्तम. कशी काय?

२६ मार्च, गुरुवार

'लंच बॉक्स' आला होता. मी विशेषण लावलं. पिवळं झालं नाही.

बेबी नसताना कोण लावतंय विशेषण? जुनंच असेल. दुसरं कोण?

२७ मार्च, शुक्रवार

काही गोड लागत नाही. घरात तीन माणसांचा स्वयंपाक होतो आणि एक वाटी उरते. हे दुकानातून उशिरा येतात. आज म्हणाले, "तुझा नंबर फार वाढलाय. डोळ्यांचा नाही म्हणत मी."

मी म्हटलं, तुमची बहीण 'नाही' का म्हणाली नाही, याचं उत्तर द्या आधी.

म्हणाले, "विचारलंस ते पोलिसासारखं. घरात असं विचारतात?"

बेबीचा फोन आला होता म्हणे त्यांना. मुलाखतीला जातेय कुठेतरी. माझी चौकशी केलीन. मी विचारलं, काय म्हणाली? हे म्हणाले, "तूच फोन कर आणि ऐक."

मी का करू? मी मोठी आहे.

३० मार्च, सोमवार

मला ठेवलं!

काचेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं. म्हणाल्या, "तुमची जुळणी सगळ्यांत कमी भरली. एरवी तुम्हाला जावं लागलं असतं. पण एक जागा रिकामी झाली आहे, तेव्हा आणखी एक फेरी तुम्हाला देता येईल."

मी आभार मानले. दारापर्यंत आले, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचं काम फार छान होतं. तिची जुळणी इतकी होती की निवाड्याच्या कामासाठी तिचंच नाव मी वर पाठवणार होते."

तिची जुळणी चांगली कशी? माझी जोडी तीच, तर माझी पडली तशी तिचीही पडायला हवी! दोघींचा आकडा एकच असायला हवा ना? विचारणार होते. बाईंनी फोन उचलला.

डोकं चालेनासं झालंय. ह्यांना अजून सांगितलं नाही ठेवल्याचं.

३१ मार्च, मंगळवार

फेरी संपली. बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आता बोलायला हरकत नाही. दुसरं कुणी नव्हतंच. प्रत्येकाची जोडी त्याच्या स्वतःशी. जानेवारीत आपण लावलेलीच वाक्यं मार्चमध्ये पुन्हा आपल्याच पुढे ठेवली, माणूस स्वतःशी किती जुळतो ते बघायला. अख्खी खोली हसली. बातमीदार तर टेबलावर हात आपटत होता.

बाहेर येऊन जिन्यातून बेबीला फोन लावला. कसंबसं सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं वहिनी. वाक्यं ओळखीची वाटली. पण सांगायचं नाही, असं ठरलं होतं ना."

मी म्हटलं, अगं, मला तरी सांगायचंस!

"मला वाटलं, तुमच्याही लक्षात आलं असेल. तुमच्याकडूनच तर शिकले मी."